उंबराखाली पाणी गोठतं

१४ डिसेंबर

डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. सातवा लागला, आता रोज जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळ किती हलतं ते लिहायचं. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं. नक्की कधी गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही, आणि तेच मला अजून सलतं. म्हणून या वेळी लिहिणार, कंटाळा आला तरी लिहिणार.

आज भरपूर हलली. पोटावर ताट ठेवलं असतं तर उडालं असतं. मुलगीच आहे असं मी धरून चालले आहे. आदिनाथ म्हणतो काहीही असू दे, हातीपायी धड असू दे. (घरात मी त्याला अहोच म्हणते. वहीत कोण बघतंय?)

वहीत बाकीचं लिहू नका असं काही डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. तर आज सकाळी पाहुण्यांसमोर अब्रू गेली. लोहगडवाडीत जो तो ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी विकतो, आपण राहायची सोय करू, ही अक्कल माझी. तळेगावची बी.कॉम. झालेली सून, काहीतरी करून दाखवायला नको? घरामागं दोन खोल्या बांधल्या, पाटी लावली. आणि आज पुण्याची माणसं तोंडात ब्रश घालून उभी, नळाला थेंब नाही. शेवटी आत्यांनी घरातले हंडे उचलून त्यांच्या दारात नेऊन ठेवले, मला हात लावू दिला नाही.

आत्या म्हणजे माझी सासू, मुक्ताबाई. भांडण नाही आमचं. पण त्यांचं मला कळत नाही आणि माझं त्यांना.

१६ डिसेंबर

पाणी का येत नाही ते कळलं, पण कुणाला सांगायची सोय नाही. पाईपात बर्फ झाला होता. मोबाईलमध्ये पहाटेचं तापमान नऊ दाखवत होतं. नऊला बर्फ होत नाही हे मलाही माहीत आहे.

दिवाळीत आत्या नणंदेकडे गेल्या होत्या तेव्हा आदिनाथनं वरच्या झऱ्यापासून आपल्या टाकीपर्यंत काळा पाईप टाकला. जमिनीवरूनच आणलाय, खोदायला खाली खडक लागतो. जवळ पडावं म्हणून तो उंबराखालून वळवला. तिथं ओळीनं शेंदूर लावलेले दगड आहेत, त्यांना इकडे मावलाया म्हणतात. पाण्यावरच्या सात बहिणी. तळेगावात आमच्याकडे असलं काही नव्हतं. बर्फ होतो तो बरोबर त्या वळणावर, वीतभर जागेत. वरही पाणीच असतं, खालीही पाईप मऊ लागतो.

आदिनाथ तळेगावच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं. म्हणाला, कड्यावरून उतरलेली गार हवा त्या खोलगटात साठते, ऊन यायला उशीर होतो. मला पटलं. आत्यांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, कुठं गोठलं. उंबराखाली म्हटल्यावर त्या ताटावरून उठल्या.

हालचाल चांगली.

१९ डिसेंबर

सत्यम आला होता. पुण्याहून ट्रेकचे गट घेऊन येतो, पूर्वी मनालीला कॅम्पवर कामाला होता. आम्ही भीतभीत सांगितलं, तो हसला नाही. म्हणाला, तिकडे दर हिवाळ्यात हेच असतं. पाईपाला उघडं ठेवायचं नाही, गोणपाट गुंडाळायचं, वर पेंढा. आणि मुख्य म्हणजे रात्रभर एक नळ बारीक सोडून ठेवायचा. वाहतं पाणी गोठत नाही.

भाताचा पेंढा आपल्याकडे ढीगभर. आदिनाथनं दुपारभर खपून वळणाला पेंढा बांधला, त्यावर गोणपाट, वरून सुतळी. मी बाहेरचा नळ थेंब थेंब पडेल एवढा सोडून निजले. सकाळी बघते तर नळ घट्ट बंद आणि पाईप गोठलेला. आत्यांनी बंद केला होता. पाणी वाया जातं म्हणून असेल असं समजून मी नीट समजावून सांगायला गेले, तर म्हणाल्या, "रातच्याला पानी वाजू देऊ नगं. बोलावतं ते." आता याच्यावर काय बोलायचं? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

शिवाय रोजचा तो तांबडा राडा. बाहेरच्या नळाखाली आदिनाथनं माझ्यासाठी धुण्याचा दगड बसवून घेतलाय. पाईप टाकताना वरूनच उचलून आणला होता, काळा, चपटा, गवंड्यानं कडा तासून सिमेंटमध्ये बसवला. सुंदर दगड आहे, बसलं की माझ्याच मापाचा वाटतो. पण रोज सकाळी त्याच्यावर हळदकुंकू सांडलेलं असतं. आत्यांची देवपूजा हल्ली हाताबाहेर चालली आहे, ताट घेऊन कुठंही हिंडतात. मी घासून काढते, दुसऱ्या दिवशी परत आहेच.

हालचाल नेहमीसारखी.

२३ डिसेंबर

परवा डोहाळजेवण झालं. आई आली होती, शेजारच्या नंदाबाई आणि वाडीतल्या बायका आल्या. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी. इतकं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं. आत्यांनी ओटी भरली आणि सगळ्या बायका गेल्यावर माझ्या पायाच्या अंगठ्याला काळा दोरा बांधला. आई समजूतदार, ती म्हणाली बांधू दे, तुझं काय जातं. आई तळेगावला परत गेल्यापासून आत्या रात्री आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडव्या झोपतात. आदिनाथला रात्रपाळी आहे म्हणून सोबत, असं सांगतात. पण मला बाथरूमला जायचं तर त्यांना ओलांडून जायचं का? गरोदर बाईनं सासूला ओलांडायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

दोन सकाळी मी उठले तेव्हा साडीचा काठ ओला आणि तळव्यांना चिखल. संध्याकाळी नळावर पाय धुते, पुसायला वाकवत नाही, तोच असणार. आत्यांनी बघितलं आणि पाय धुऊन दिले. मला लाजल्यासारखं झालं, नको म्हणत होते, पण त्यांनी सोडले नाहीत.

हालचाल आहे. जरा हळू.

२७ डिसेंबर

नाताळची गर्दी. खोल्या भरलेल्या आणि पाईप बंद. आदिनाथनं वळणावरचा जोड खोलून बर्फाचा तुकडा बाहेर काढला आणि मला दाखवायला खाली घेऊन आला. काचेसारखा स्वच्छ. त्याच्या आत हिरव्या बांगडीचा तुकडा होता. मावलायांना कुणी बांगड्या वाहत असतील, झऱ्यातून वाहत आला असेल, असं आदिनाथ म्हणाला. मग पाईपाच्या तोंडाला जाळी लावली आहे ना, तिच्यातून कसा आला ते तुम्हीच बघा, असं मी म्हटलं. तर जाळी बसवायचीच राहिली असेल म्हणाला.

माझ्याही चुड्यातली एक वाढली आहे. कपडे धुताना दगडावर आपटली असणार.

तुकडा मी हातात घेऊन बघत बसले होते. आदिनाथनं काढून घेतला, म्हणाला हात लाल झालेत. मला गार लागलाच नव्हता. यंदा थंडी वाजतच नाही मला. पोटात शेगडी आहे ना, असं नंदाबाई म्हणतात.

१ जानेवारी

रात्री उशिरापर्यंत पाहुण्यांची गाणी चालू होती. सकाळी चहा देताना पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, तुमच्याकडे बायका रात्री पाणी भरतात का हो? मी म्हटलं छे, का? म्हणाल्या, खिडकीतून दिसलं. बायका एकामागं एक वर चालल्या होत्या, केस मोकळे सोडून. सहाजणी होत्या, आणि सगळ्यांच्या मागं तुम्ही होतात. मला वाटलं तुमची काही पूजा असेल. मी हाकसुद्धा मारली, तुम्ही वळला नाहीत.

थर्टी फर्स्टची रात्र, दुसरं काय! मी हसून टाकलं, म्हटलं ताई, सातव्या महिन्यात मला अंगणात जायचं तर धाप लागते, वर कशाला जाऊ? त्याही हसल्या. आत्यांच्या हातातली किटली मात्र खाली पडली, सगळा चहा मातीत.

आज त्यांनी कहर केला. झोपताना आपल्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधलं. मी चिडले. मी काय गोठ्यातलं वासरू आहे का, असंही बोलून गेले. त्या म्हणाल्या, "चीड. कितीबी चीड. पर सोडू नगं." डोळे भरले होते त्यांचे, म्हणून मी गाठ तशीच ठेवली.

हालचाल कमी. दमले असेन.

५ जानेवारी

तीन दिवस लिहिलं नाही, भीती वाटत होती. परवा जेवून पडले, काही नाही. गूळपाणी घेतलं, काही नाही. संध्याकाळी एकदा कुशीत काहीतरी सरकल्यासारखं झालं. काल आदिनाथ गाडी घेऊन मला कामशेतला घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी ठोके ऐकवले, आहेत. पण सावकाश आहेत, म्हणाल्या. माझा हात हातात घेऊन दोनदा विचारलं, इतका गार का? ताप, रक्तदाब, सगळं बरोबर निघालं. आठवड्यानं परत बोलावलंय, त्याआधी हालचाल थांबल्यासारखी वाटली तर धावत या म्हणाल्या.

मी येताना गाडीत रडले. आदिनाथ गाडी बाजूला लावून माझ्या पाठीवरून हात फिरवत बसला. मला पैसा नको, पाटी नको, पाहुणे नकोत, ही पोर फक्त जिवंत हातात पडू दे.

घरी आल्यावर मायलेकांचं गोठ्यामागं चाललं होतं. मी गेले की गप्प होतात. हल्ली हे फार आहे. आत्या दगड दगड म्हणत होत्या एवढं ऐकू आलं.

८ जानेवारी

आज काय ते समजलं. केरबा आबांनी सांगितलं, तेही आदिनाथ शेवटी त्यांना घेऊन आला म्हणून. वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस. मला आत जा म्हणत होते, पोटुशीनं ऐकू नये म्हणे. मी म्हटलं माझ्याच घरात, माझ्याच पोटावरून चाललंय, मी ऐकणार.

माझा धुण्याचा दगड म्हणजे मावलायांतला सातवा. पाईपाच्या आड येत होता म्हणून आदिनाथनं तो उचलून आणला. शेंदूर झिजलेला, त्याला वाटलं साधाच दगड आहे, आणि मला हौस म्हणून धुवायला दिला. आत्या दिवाळीहून परत आल्या त्या दिवशीच त्यांनी ओळखला. लेकाला सांगितलं, तो म्हणाला सिमेंटमध्ये बसलाय, आता उकरू का? मला घाबरवायचं नाही म्हणून दोघांनी दडवलं, आणि आत्या रोज पहाटे नळाखाली बसून त्याची पूजा करत राहिल्या. आणि मी रोज घासणीनं ती काढत राहिले. आबा म्हणाले, "सहाच हायत तितं. सातवीची जागा रिकामी र्‍हात न्हाई. त्या आपली आपन बघत्यात."

माझा यावर विश्वास नाही. स्पष्ट लिहिते, नाही. पण कुणाचा देव मी दोन-अडीच महिने पायाखाली घेतला होता, हे मला आवडलं नाही. मीच आदिनाथला म्हटलं, आत्ता काढा आणि नेऊन ठेवा. त्यानं पहार घातली. सिमेंटनं सोडलं तेव्हा दगड मधोमध फुटून दोन झाला.

 आत्या मटकन खाली बसल्या. मग दोघांनी दोन तुकडे उचलून वर नेले, जागेवर जोडून ठेवले, शेंदूर लावला, नारळ फोडला. आदिनाथ रडत होता, असं आत्या म्हणाल्या. त्याला मी रडताना कधी पाहिलेलं नाही.

हालचाल एकदाच, दुपारी.

११ जानेवारी

आता नुसतं वळण नाही, सगळा पाईप गोठतोय. झऱ्यापासून टाकीपर्यंत लाकडासारखा कडक, आणि दिवसाउजेडीसुद्धा सुटत नाही. पेंढा बांधलाय, गोण्या बांधल्यात, आदिनाथनं कंपनीतून आणलेलं ते काळं स्पंजसारखं आवरणही चढवलं. बाकी वाडीच्या नळांना छान पाणी आहे. बुकिंग सगळी रद्द केली. आदिनाथकडे कारण नव्हतं, मी विचारलंही नाही.

तरी आदिनाथ तो पाईप काढून का टाकत नाही, असं आत्यांना म्हटलं. म्हणाल्या, काढून बघितला काल, पाईप ज्या जागी होता तिथं जमिनीवर बर्फाची रेघ तशीच होती. म्हणून परत जोडला.

मनगटाला पदर बांधूनही सकाळी माझे केस ओले असतात. आत्या उठतात तेव्हा गाठ सुटलेली असते. कापडाची गाठ, सुटतेच.

१४ जानेवारी

संक्रांत. डॉक्टरबाईंनी काल सोनोग्राफी केली. पाणी बरोबर आहे, वाढ बरोबर आहे, ठोके मंद आहेत. त्यांना काही कळेना हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रविवारपर्यंत बघू, मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात भरती व्हा आणि वेळ पडली तर लवकर काढू म्हणाल्या. एवढीशी पोर लवकर काढून जगेल का, हे मी विचारलं नाही. 

दुपारी ऊन होतं. आत्या माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसल्या आणि फणी दिली. लग्नाला चार वर्षं झाली, मी त्यांचे केस कधी विंचरले नव्हते. पांढरे आणि पातळ, पण कमरेपर्यंत लांब. विंचरताना त्या आपल्या माहेरचं बोलत होत्या, कार्ल्याच्या खाचरांत गुडघाभर चिखलात उभं राहून लावणी करायचं वगैरे. मग म्हणाल्या, "मला थंडी लय सोसती, बग. आगदी ल्हानपनापास्नं. आमच्या आयला कौतिक वाटायचं." मी म्हटलं, मग मला कशाला दोन गोधड्या घालता? हसल्या. माझ्या पोटावर हात ठेवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही.

मी त्यांच्याशी नीट वागत नाही, असं आज वाटलं. बाळ झालं की सुधारेन.

१७ जानेवारी

आज दिवसभरात काही नाही. सकाळी नाही, जेवल्यावर नाही, गूळपाणी घेऊन नाही. आदिनाथनं फोन केला, डॉक्टरबाई म्हणाल्या लगेच या, तसेच गेलो. ठोके आहेत. उद्या रविवार, सकाळी पुण्याला जायचं ठरलं होतं, पण तिथल्या डॉक्टरांनी सोमवारी दहाला या म्हणून सांगितलं. पिशवी भरली. बाळाचे कपडे घ्यायचे का नाही कळेना. आत्यांनीच घडी घालून पिशवीत ठेवले.

नंतर बघते तर त्या पेटी उघडून आपली लग्नातली हिरवी साडी काढत होत्या. उद्या अवस आहे, देवाला नेसते म्हणाल्या.

१९ जानेवारी

आत्या गेल्या.

२१ जानेवारी

लिहायला हवं. नाहीतर मला वेड लागेल.

परवा सकाळी मला जाग आली ती कुणी तरी पोटातून जोरात ढकलल्यानं. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी ओरडून आदिनाथला उठवलं, त्याचा हात पोटावर ठेवला, तो नुसता हसत होता. मी आत्या आत्या म्हणून हाका मारल्या. त्यांचं अंथरूण उंबऱ्यावर घडी करून ठेवलेलं होतं. माझ्या मनगटाला काही नव्हतं. माझे केस कोरडे होते. बाहेर टाकीत पाणी पडल्याचा मोठा आवाज येत होता.

आदिनाथ वर गेला. उंबराखाली त्या दगडांच्या ओळीत आत्या मांडी घालून बसल्या होत्या, हिरव्या साडीत, केस मोकळे. फुटक्या दगडाचे दोन्ही तुकडे त्यांनी उचलून झाडाच्या बुंध्याशी ठेवले होते आणि त्या जागेवर बसल्या होत्या. केसांतून पाणी गळत होतं. डोळे मिटलेले. आदिनाथ म्हणाला, हाक मारली तर उठतील असं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, म्हातारं शरीर, गारठ्यानं हृदय बंद पडलं. त्या रात्री तापमान बारा होतं. पण वर उघड्यावर, ओल्या अंगानं, रात्रभर, म्हणजे होऊ शकतं. बिचाऱ्या बाळासाठी नवस करायला गेल्या आणि बसल्या जागी थंडी लागली. एकट्या गेल्या. मला सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं असतं का?

सोमवारी पुण्याला गेलोच नाही. डॉक्टरबाई काल इथंच आल्या. ठोके उत्तम म्हणाल्या, हात बघू म्हणाल्या, आणि माझा हात गरम होता.

मला त्यांची फार आठवण येते. चार वर्षं एका घरात राहून मी त्यांना कधी चहा कसा आवडतो तेसुद्धा विचारलं नाही.

२८ जानेवारी

आज दहावा. मी घरीच, मला घाटावर नेत नाहीत. सगळे उशिरा परत आले. कावळा शिवला नाही. आदिनाथनं हात जोडून सगळं कबूल केलं, घर सांभाळीन, बहिणीला सांभाळीन, शेत विकणार नाही, पोरीला शिकवीन. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. आदिनाथचा चेहरा बघवत नव्हता. तो म्हणतो, आईचं काहीतरी राहिलं, मला कळलं नाही.

केरबा आबा पडवीत टेकले होते, त्यांना मी पाणी नेऊन दिलं आणि विचारलं, असं का झालं असेल? त्यांनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "पोरी, कावळा शिवायला मानूस जावं लागतं. ती कुटं गेलीया? अवशीच्या आदल्या दिशी माज्याकडं आलती. म्हनली, तरनीच्या बदली म्हातारी चालंल का रं? म्या म्हनलं मला काय ठावं, त्यास्नीच ईचार."

मी आत आले आणि भांडी घासत बसले. इतकी घासली की हात सोलवटले. असल्या गोष्टी बोलू नयेत, निदान आजच्या दिवशी तरी. आबांचं वय झालंय.

संध्याकाळी ती पोटात उड्या मारत होती. मी तिला आजी गेली म्हणून सांगायला लागले आणि मला ते वाक्य पुरं करता येईना.

३१ जानेवारी

आदिनाथ पहाटे पाळीवरून येऊन झोपला. उजाडलं तेव्हा मी हळूहळू वर गेले. दहा वेळा थांबले, पण गेले. रागवायला कुणी नव्हतं.

पाईपाच्या दोन्ही बाजूंना गवतावर दव होतं, हवा एकदम गार. मला थंडी वाजत होती, शाल आणायला हवी होती. कितीतरी दिवसांनी वाजली. उंबराखाली सहा दगड आणि मध्ये मोकळी जागा. माती दबलेली आहे अजून. मला काय करायला आले तेच आठवेना. हळदकुंकू आणलं नव्हतं, नारळ आणला नव्हता. तशीच खाली टेकले, त्या जागेच्या शेजारी, आणि मोठ्यानं म्हटलं, "आत्या, ती बरी आहे. हलते चांगली."

उठताना आधाराला म्हणून पाईपावर हात टेकवला. तिथला पेंढा आणि गोणपाट आदिनाथनं मागंच सोडून टाकलंय, पाईप उघडाच आहे. वर हात लावून बघितला, गार. खाली लावून बघितला, गार. फक्त त्या वळणावर, त्या मोकळ्या जागेसमोर वीतभर तो कोमट होता. कुणीतरी रात्रभर दोन्ही हातांत धरून ठेवल्यासारखा. ऊन अजून कड्याच्या पलीकडेच होतं.

आदिनाथला विचारलं तर तो काहीतरी कारण सांगेल. मी विचारणार नाही. हात तिथंच ठेवून बसले, आणि ऊन अंगावर आल्यावर खाली आले.